मैदानी सावज आणि मध्यम काडतूस

आजचा विषय ऐकून कांहीं जणांना नवल वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत हौसेची शिकार बंद केली. मग रायफलीचें काडतूस कसें निवडावें, ही चर्चा आतां, आणि तीहि डहाणू-तलासरीच्या संदर्भांत, कशासाठीं? त्याचें उत्तर दुःखद आहे. शिकार बंद झाली तरी रानांतला बंदुकीचा बार बंद झालेला नाहीं. २०२५ च्या आरंभीं याच पालघर जिल्ह्यांत, मनोरजवळच्या रानांत, रानडुकराच्या चोरट्या शिकारीला गेलेल्या मंडळींपैकीं एकानें आपल्या सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी घातली, आणि तो बिचारा प्राणास मुकला. गोळी म्हणजे काय वस्तु आहे, ती काय करते आणि कोठवर जाते, याचें ज्ञान शिकाऱ्यापेक्षां इतरांनाच अधिक उपयोगी पडावें, असे हे दिवस आहेत. म्हणून हा विषय निवडला आहे.

प्रथम नांवाचा खुलासा करूं. 'मैदानी सावज' हा शब्द आफ्रिकेंतून आला. हत्ती, गेंडा, रानरेडा, सिंह हीं उलटून अंगावर येणारीं जनावरें वगळलीं म्हणजे माळावर चरणारीं जीं उरतात, म्हणजे कुडू, इंपाला, झेब्रा वगैरे, त्यांना तेथील शिकारी हें नांव देतात. आपल्याकडे त्यांच्या जागीं काळवीट, चितळ, नीलगाय आणि सांबर यांना बसवावें लागेल. पण या चौघांतहि केवढें अंतर आहे पाहा! काळविटाचें वजन पस्तीस-चाळीस किलो, चितळाच्या नराचें ऐंशीच्या आसपास, तर नीलगाईचा किंवा सांबराचा पूर्ण वाढलेला नर दोनशें किलोंहूनहि जड. या सर्वांना पुरेल, पण लहान जनावराच्या चिंध्या करणार नाहीं आणि बंदूकवाल्याचा खांदाहि मोडणार नाहीं, असें काडतूस शोधतां शोधतां 'मध्यम' वर्ग निर्माण झाला.

काडतुसाचे भाग चार. मागें ठिणगी पाडणारी टोपी, पितळेची पुंगळी, तिच्यांत दारू, आणि पुढें बसविलेली गोळी. रायफलीच्या नळीला आंतून पीळ दिलेले आटे असतात. त्यांतून जातांना गोळी स्वतःभोंवतीं फिरूं लागते आणि भोंवऱ्याप्रमाणें स्थिर राहून सरळ जाते. पुष्कळांची समजूत अशी कीं, गोळीच्या धक्क्यानेंच जनावर मरतें. तें खरें नाहीं. जनावर मरतें तें जखमेनें. गोळी काळजांत किंवा फुप्फुसांत शिरली, तिनें रुंद वाट पाडली, रक्त वाहून मेंदूचा पुरवठा तुटला, म्हणजे तें कांहीं क्षणांत कोसळतें. तीच गोळी पोटांत किंवा मांडींत लागली तर कितीहि मोठें काडतूस असलें तरी जनावर निघून जातें, आणि दोन-दोन दिवस झुडपांत तळमळून मरतें. शिकाऱ्याच्या बोलींत 'वर्मीं लागणें' हा जो शब्द आहे, त्यांत सारें शास्त्र सामावलेलें आहे.

वर्मापर्यंत पोहोंचण्यासाठीं गोळींत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: वजन, वेग आणि घडण. जड गोळी खोल जाते. वेगवान गोळी सपाट जाते, म्हणजे दूरवर जाऊनहि फार खालीं पडत नाहीं. घडण ही मात्र सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा इतिहास आपल्याच देशांतला आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत १८९० नंतरच्या वर्षांत अशी गोळी तयार झाली कीं, जिच्या टोंकावरचें कठीण कवच काढून आंतलें शिसें उघडें ठेवलेलें असे. शरीरांत शिरतांच तें टोंक चेपून छत्रीसारखें पसरे आणि भयंकर जखम करी. १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत अशा गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा ठराव झाला. परंतु गंमत अशी कीं, माणसावर जी गोळी निषिद्ध ठरली, तीच शिकारींत भूतदयेची ठरली! कारण पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या अंगांतून सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन पळत सुटतें. मऊ टोंकाची गोळी त्याला तेथेंच खालीं आणते. म्हणून हरणासारख्या पातळ कातडीच्या जनावरांना मऊ टोंकाची गोळी, आणि हत्तीसारख्यांना भरीव गोळी, हा नियम जगभर मान्य झाला.

आतां प्रत्यक्ष काडतुसांकडे वळूं. त्यांचीं नांवें नळीच्या व्यासावरून, इंचाच्या हजारांशांत, पडलीं आहेत. .२७५ हें मूळ जर्मन माउझर घराण्यांतलें सात मिलिमीटरचें काडतूस. लंडनच्या रिग्बी कंपनीनें त्याला हें इंग्रजी नांव दिलें. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच बोअरची होती. दुसरें .३०३, म्हणजे ब्रिटिश फौजेचें काडतूस. नेमकें याच कारणासाठीं तें हिंदुस्थानांत खाजगी माणसाला वर्ज्य होतें. फौजेचीं काडतुसें चोरून बंडखोरांच्या हातीं जातील ही सरकारला धास्ती होती. त्या बंदीमुळें पुढें आलें तें .३१५, आठ मिलिमीटरचें. कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यानें त्याच्या रायफली बनविल्या. पुण्याजवळ खडकी येथें १८६९ पासून चालत आलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्याची 'के. एफ.' ही खूण परवानेदार बंदूकवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. चौथें .३७५, लंडनच्या हॉलंड आणि हॉलंड कंपनीनें १९१२ सालीं काढलेलें. याला मध्यम काडतुसांचा राजाच म्हणतात.

यांची तुलना आंकड्यांनीं करूं. .२७५ ची गोळी नऊ ग्रॅमांची, वेग सेकंदाला आठशें मीटरांवर. .३०३ ची अकरा ग्रॅमांची, वेग सुमारें साडेसातशें. .३१५ ची जवळजवळ सोळा ग्रॅमांची, पण वेग सहाशेंच्या किंचित् वर. गंमत पाहा: वजन वाढलें तसा वेग घटला, आणि तिघांचीहि शक्ति सरतेशेवटीं तीन हजार ज्यूलांच्या आसपासच राहिली. .३७५ ची गोळी मात्र एकोणीस ग्रॅमांची आणि वेगहि साडेसातशेंच्या वर. तिची शक्ति साडेपांच हजारांहून अधिक. शिकार जेथें आजहि कायदेशीर आहे त्या नामिबिया देशानें या बाबतींत किमान मर्यादा घालून दिल्या आहेत. लहान हरणाला १,३५० ज्यूल, कुडूसारख्या मोठ्या सावजाला २,७०० ज्यूल, आणि हत्ती-रानरेड्याला ५,४०० ज्यूल. म्हणजे आपलीं पहिलीं तीन काडतुसें मधल्या पायरीला पुरतात, आणि .३७५ शेवटच्या पायरीवर पोहोंचतें. मग सर्वांनीं .३७५ च कां घेऊं नये? कारण त्याचा खांद्यावरचा धक्का जबर असतो. धक्क्याच्या भीतीनें घोडा ओढतांना डोळे मिटणाऱ्याच्या हातीं तें मोठें काडतूस जनावराला घायाळ करणारें शस्त्रच होतें. जें काडतूस माणूस न दचकतां झाडूं शकतो, तेंच त्याच्यापुरतें मोठें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यापुढचा प्रश्न अंतराचा. नगर-सोलापूरकडच्या उघड्या माळावर काळवीट दोनशें पावलांच्या आंत माणसाला येऊं देत नाहीं. तेथें शंभर मीटरांवर नेम जुळविलेली .३१५ ची जड गोळी दोनशें मीटरांवर साधारणतः दीड वीत खालीं येते; .२७५ ची अर्ध्या वितेच्या आसपासच. दीड वितेचा फरक म्हणजे काळजाऐवजीं पाय! म्हणून माळाला वेगवान गोळी बरी.

डहाणू-तलासरीची गोष्ट अगदीं निराळी. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेकडे सागाच्या रानाच्या टेंकड्या, आणि मध्यें भातखाचरें. येथें मैदान असें नाहींच. सावज दिसतें तें पन्नास-साठ पावलांवर, तेंहि फांद्यांआड. अशा रानांत सपाट जाणाऱ्या गोळीचा कांहीं लाभ नाहीं. सावकाश जाणारी जड गोळीच बरी. परंतु एक भ्रम येथें काढून टाकला पाहिजे. जड गोळी झुडपांतून वाट काढून सरळ जाते, असें शिकारी एकमेकांना सांगत आले. तें खोटें आहे. फांदीला लागली कीं कोणतीहि गोळी वाट बदलते. फरक असला तर कमी-अधिक एवढाच. मोकळी जागा दिसत नसेल तर घोडा ओढूं नये, याला दुसरा उपाय नाहीं.

आणि याहूनहि गंभीर गोष्ट ही कीं, चुकलेली गोळी थांबत नाहीं. .३०३ च्या वर्गांतली गोळी वर कोन करून सुटली तर तीन किलोमीटरांहून दूर जाते. आतां डहाणू-तलासरीची वस्ती डोळ्यांपुढें आणा. गांव म्हणजे एका जागीं दाटलेलीं घरें नव्हेत. टेंकडीटेंकडीवर विखुरलेले पाडे. सकाळीं कोणी मोहाचीं फुलें वेंचावयास गेलेला, कोणी मोळी घेऊन येणारी, कोणी गुरें वळणारा पोर. ज्या काडतुसाचा पल्ला कोसाकोसाचा, तें अशा मुलुखांत निवडणें म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या माणसांवर नेम धरणें होय. म्हणून जाणते शिकारी मचाणावरून खालीं नेम धरीत. जनावरामागें जमीन असली म्हणजे गोळी मातींत विसावते.

आज या ज्ञानाचा कायदेशीर उपयोग मोजकाच उरला आहे. रानडुकरें भात, नागली उकरून टाकतात आणि शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न एका रात्रींत जातें, ही तक्रार खोटी नव्हे. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत आहे. उभ्या पिकाला धोका झाला असतां वन खात्याचा अधिकृत अधिकारी कारणें नमूद करून तें मारण्याची लेखी परवानगी देऊं शकतो. असा लेख हातीं नसतां झाडलेली गोळी हा गुन्हाच. परवानगी मिळाली तरी निवड कशी करावी हें आतां तुम्हींच सांगाल: मऊ टोंकाची गोळी, पन्नास पावलांच्या आंतलें अंतर, मचाणावरून खालीं नेम, आणि सावज पूर्ण ओळखल्याशिवाय घोड्याला बोट नाहीं. छऱ्यांची बंदूक डुकरावर चालविणें म्हणजे तर त्याला घायाळ करून पाड्याकडे सोडणें!

शेवटीं याच मुलुखांतल्या एका जुन्या शस्त्राची आठवण करून देतों. वारली चित्रांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेला तिरकमठेवाला दिसतो. तिरकमठ्याची भिस्त वीस-तीस पावलांवर. म्हणून धनुर्धाऱ्याला जनावराच्या जवळ जावें लागे, त्याला ओळखावें लागे, वाऱ्याची दिशा पाहावी लागे. रायफलीनें ती जवळीक काढून घेतली, आणि तिच्याबरोबर ओळखहि गेली. मनोरच्या रानांत जो सोबती मेला, तो याच हरवलेल्या ओळखीपायीं मेला. काडतूस .२७५ असो कीं .३७५ असो, गोळी नळींतून सुटली कीं ती कोणाचें ऐकत नाहीं. निवड करावयाची ती तत्पूर्वींच, आणि पुष्कळ वेळां खरी निवड बंदूक खालीं ठेवण्याचीच असते.