महागड्या विजेच्या मोटारी : घेताना कोटी, विकताना किती?

जुन्या मोटारींची खरेदी-विक्री, गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, सीट-कव्हर, सुटे भाग या धंद्यांत आपल्या समाजातील हजारो कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर एक चक्कर मारली तरी हे लक्षात येते. या बाजारात आता एक नवा माल येऊ लागला आहे. तो म्हणजे विजेवर चालणाऱ्या परदेशी बनावटीच्या मोटारी. शोरूममध्ये कोटीच्या घरात विकलेली गाडी चार-पाच वर्षांनी अगदी पडत्या भावात मिळते म्हटल्यावर व्यापाऱ्याचा हात खिशाकडे जाणारच. पण भाव का पडला हे समजून न घेता भांडवल अडकविले, तर तोच माल गळ्यातला धोंडा ठरू शकतो.

भारतात या गाड्यांची पहिली खेप नुकतीच येऊन गेली आहे. मर्सिडीजची 'इक्यूसी' ऑक्टोबर २०२० मध्ये ९९ लाख ३० हजारांना आली. जग्वारची 'आय-पेस' मार्च २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ६ लाखांना, ऑडीची 'ई-ट्रॉन' जुलै २०२१ मध्ये ९९ लाख ९९ हजारांपासून, तर पोर्शची 'टायकान' नोव्हेंबर २०२१ मध्ये दीड कोटीपासून विकली जाऊ लागली. यांपैकी इक्यूसी आणि आय-पेस यांचे उत्पादनच आता बंद झाले आहे. ई-ट्रॉन जेथे बनत असे तो ऑडीचा ब्रुसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ अखेर बंद पडला. उत्पादन थांबलेल्या गाडीचा भाव काय होतो हे जुन्या बाजारात कोणाला शिकवावे लागत नाही.

नव्याचा भाव उतरला की जुन्याचा कोसळतो

पेट्रोल-डिझेलच्या गाडीची नवी किंमत साधारणपणे दरवर्षी वाढते. त्यामुळे जुन्या गाडीला खालून एक टेकू मिळतो. विजेच्या गाडीत हा टेकूच निसटला. अमेरिकेतील टेस्लाचे उदाहरण पाहा. 'मॉडेल एस प्लेड' या तिच्या उंची गाडीचा भाव जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला १,३५,९९० डॉलर होता. त्याच महिन्यात कंपनीने तो १,१४,९९० वर आणला आणि सप्टेंबर २०२३ पर्यंत ८९,९९० वर. म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये ज्याने गाडी घेतली त्याच्या गाडीला ओरखडाही न पडता नऊ महिन्यांत ४६ हजार डॉलर उडाले. ज्या दिवशी कंपनी नव्या गाडीचा भाव उतरविते, त्या दिवशी देशभरातील सगळ्या जुन्या गाड्यांचा भाव एका रात्रीत उतरतो, आणि ज्या व्यापाऱ्याच्या आवारात माल उभा असतो त्याला झोपेतच तोटा होतो.

असा तोटा किती मोठा असू शकतो हे 'हर्ट्झ' या भाड्याने मोटारी देणाऱ्या अमेरिकन कंपनीने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने एक लाख टेस्ला गाड्या घेण्याची घोषणा केली, तेव्हा शेअर बाजारात जल्लोष झाला. भाड्याच्या धंद्याचे सारे गणित गाडी शेवटी कितीला विकली जाईल यावर उभे असते, आणि तेच चुकले. गाडीला ठोकर लागली की दुरुस्तीचा खर्चही अंदाजापेक्षा फार आला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी सुमारे साडेचोवीस कोटी डॉलर खर्ची टाकले. पुढे विक्रीचा आकडा ३० हजारांवर गेला. एवढा माल एकदम बाजारात ओतल्यावर भाव आणखी पडला, हे ओघाने आलेच.

बॅटरी स्वस्त होते, जुनी गाडी शिळी होते

विजेच्या मोटारीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी. ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाच्या पाहणीनुसार बॅटरीचा जागतिक सरासरी दर २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता. तो २०२३ मध्ये १३९ आणि २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. ग्राहकाच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे. ज्याच्याकडे जुन्या दराने घेतलेला माल पडून आहे त्याच्या दृष्टीने नाही. शिवाय नवी गाडी एका चार्जिंगमध्ये जास्त लांब जाते, लवकर चार्ज होते. चार वर्षांची जुनी गाडी चालायला ठणठणीत असली तरी मोबाईलच्या जुन्या मॉडेलसारखी शिळी दिसते.

क्रोएशियाचे मोटार-निर्माते माते रिमाक हे 'नेवेरा' नावाची अतिमहाग विजेची गाडी बनवितात. फक्त १५० गाड्या बनवायचे ठरले होते, पण २०२४ मध्येही त्यांतल्या बऱ्याच विकल्या गेल्या नव्हत्या. त्यांनी त्या वर्षी घड्याळांची तुलना दिली होती. इलेक्ट्रॉनिक घड्याळ हाताने बनविलेल्या स्विस घड्याळापेक्षा हजार कामे जास्त करते, वेळही अधिक अचूक दाखविते. तरी लाखो रुपये लोक स्विस घड्याळालाच देतात. आपल्या घड्याळजी बांधवांना ही गोष्ट पटेल. उंची वस्तूला जो जादा भाव मिळतो तो कारागिरीचा आणि दुर्मिळतेचा असतो. विजेच्या गाडीत तो जादा भाव मुख्यतः तंत्राचा आहे, आणि तंत्र दरवर्षी स्वस्त होते. पोर्शच्या टायकानची जागतिक विक्री २०२३ मधील ४०,६२९ वरून २०२४ मध्ये २०,८३६ वर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी झाली. नव्यालाच गिऱ्हाईक कमी, तर जुन्याला किती असणार?

भारतात आणखी एक कारण आहे आणि ते कराचे आहे. नव्या विजेच्या मोटारीवर जीएसटी अवघा ५ टक्के आहे, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. महाराष्ट्रात विजेच्या वाहनांना मोटार वाहन करातही सूट आहे. (तीस लाखांवरील गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.) या सवलती नवी गाडी घेणाऱ्याला मिळतात. त्यामुळे जुनी घ्यायला आलेला गिऱ्हाईक नव्याशी तुलना करून भाव पाडून मागतो. यात भर म्हणजे ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेला व्यापारी करार. ठरावीक कोट्यात मोटारींचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरविण्याची तरतूद त्यात आहे. आयात शुल्काच्या भिंतीआड उभा असलेला जुन्याचा भाव ती भिंत खचली की खाली येणार.

जीएसटीचे गणित नीट समजून घ्या

जैसलमेर येथे डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेनंतर जुन्या विजेच्या गाड्यांवरील दर १२ वरून १८ टक्के झाला. त्या वेळी पुष्कळ गैरसमज पसरला. हा कर विक्रीच्या पूर्ण रकमेवर नाही, केवळ नफ्याच्या फरकावर आहे आणि तो नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच लागू आहे. समजा, आपण गाडी ६० लाखांना घेऊन ६४ लाखांना विकली, तर ४ लाखांवर १८ टक्के म्हणजे ७२ हजार रुपये कर. तोट्यात विकली तर कर शून्य. एका सामान्य माणसाने दुसऱ्याला आपली गाडी विकली तर जीएसटी नाही.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. अनेक कारखानदार व व्यापारी गाडी पेढीच्या नावावर घेतात, कारण आयकरात विजेच्या वाहनावर ४० टक्के घसारा मिळतो. साध्या मोटारीवर तो १५ टक्के आहे. एक कोटीची गाडी ४० टक्क्यांच्या घसाऱ्याने तीन वर्षांत वहीत २१ लाख ६० हजारांवर येते. ती बाजारात ४५ लाखांना विकली असे धरा. प्रत्यक्षात ५५ लाख बुडाले, पण वहीप्रमाणे २३ लाख ४० हजारांचा फरक 'कमावला'. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख २१ हजार २०० रुपये. शिवाय आयकराच्या हिशेबातही ती रक्कम पुढे येतेच. त्याच किमतीची डिझेलची गाडी असती तर तीन वर्षांनी वहीत ६१ लाख ४१ हजार शिल्लक दिसले असते आणि ४५ लाखांना विकल्यावर जीएसटी शून्य झाला असता. घसाऱ्याचा फायदा आधी मिळालेला असतो हे खरे, पण विकताना लागणाऱ्या या रकमेची तरतूद कोणी करून ठेवीत नाही. विक्रीपूर्वी आपल्या सी.ए.ला विचारावे.

विम्याच्या कागदावरही विसंबू नये. विम्यातील किंमत ठरीव तक्त्याने उतरते : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के वजा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. विकणारा हा कागद पुढे करून 'बघा, कंपनीच एवढी किंमत धरते' असे म्हणतो. तो तक्ता बाजाराला विचारून बनविलेला नाही.

ऐब कोठे दडलेला असतो

पेट्रोल गाडीचे इंजिन सुरू करताच आपल्या उस्ताद मेकॅनिकच्या कानाला अर्धे उत्तर मिळते. येथे कान निरुपयोगी आहेत. बॅटरीची ताकद दरवर्षी सर्वसाधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे लोक घाबरतात तेवढी नाही. पण एखादी गाडी या सरासरीत बसत नाही आणि तीच नेमकी आपल्या वाट्याला येते. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती काय, याची तर कसून चौकशी करावी. आय-पेसच्या बाबतीत बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे कंपनीने २०२४ मध्ये अमेरिकेत २०१९ सालच्या सुमारे २,७६० गाड्या स्वतःच परत विकत घेण्याचे ठरविले. अशा सूचना त्या-त्या गाडीला लागू आहेत काय, हे चासी नंबरवरून तपासता येते.

जे कळले ते गिऱ्हाईकाला सांगणेही आपल्यावर बंधनकारक आहे. मालातील ऐब लपवून केलेली विक्री शरीअतला मान्य नाही, आणि ऐब नंतर उघडकीस आल्यास माल परत करण्याचा हक्क फिकहने खरेदीदाराला दिला आहे. बॅटरीचा अहवाल विक्रीच्या कागदांना जोडून द्यावा. भागीदारीत माल घेणाऱ्यांनी तोट्याची वाटणी आधीच लिहून ठेवावी. मुशारकामध्ये तोटा भांडवलाच्या प्रमाणातच वाटला जातो. मुदारबामध्ये भांडवलाचा तोटा पैसा लावणाऱ्याचा असतो, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते. भाव पडल्यावर या गोष्टी ठरवायला बसले की दोस्ती तुटते. जकातीचा हिशेबही लक्षात असू द्या. स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या गाडीवर मात्र आहे, आणि ती खरेदीच्या नव्हे तर जकातीच्या दिवशीच्या बाजारभावाने. ६० लाखांना घेतलेली गाडी त्या दिवशी ४८ लाखांची असेल तर जकात ४८ लाखांवर, म्हणजे १ लाख २० हजार.

कारागिरांसाठी येथे कामाची संधी आहे, पण सांभाळून. टायकानच्या मोठ्या बॅटरीत ३९६ सेल ३३ मॉड्यूलमध्ये बसविलेले असतात. एखादे मॉड्यूल बिघडले तर तेवढेच बदलता येते. सबंध बॅटरी बदलण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी, आणि ज्याला हे काम येईल त्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात मान मिळेल. मात्र या गाडीत ८०० व्होल्टचा दाब खेळतो. रीतसर प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे नसतील तर झाकणाला हात लावू नये. टायर, ब्रेक, काच, सस्पेन्शन, रंगकाम ही कामे आजही आपल्या गॅरेजमध्ये होऊ शकतात. या गाड्या वजनाने भारी असल्यामुळे टायर लवकर झिजतात.

बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांतील जे आधी होईल तेवढी हमी देतात, आणि ही मुदत पहिल्या विक्रीपासून मोजली जाते. म्हणजे पहिल्या इक्यूसी गाड्यांची हमी २०२८ च्या अखेरीपासून, तर आय-पेस, ई-ट्रॉन आणि टायकान यांची २०२९ मध्ये संपू लागेल. आज हमी शिल्लक असलेली गाडी घेऊन सहा महिन्यांत विकणे हा एक धंदा झाला. हमीचे शेवटचे वर्ष उरलेली गाडी आवारात उभी करून ठेवणे हा दुसरा.