नांदूरमध्यमेश्वर : गाळाने घडविलेले पक्षितीर्थ आणि अभ्याससहलीची दृष्टी

प्रास्ताविक

थंडीचे दिवस सुरू झाले की अनेक महाविद्यालयांच्या सहली निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याकडे वळतात. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, द्राक्षबागा, ऊस आणि कांद्याच्या शेतांमधून वाट काढीत चापडगावी पोहोचावे, निरीक्षण मनोऱ्यावर चढावे, समोरचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यावरील हजारो पक्षी पाहावेत आणि सायंकाळी परतावे, असा या सहलींचा सर्वसाधारण क्रम असतो. नंतर सादर होणाऱ्या अहवालात पक्ष्यांच्या नावांची यादी असते. ती यादी निरुपयोगी नव्हे. परंतु हे पक्षी नेमके येथेच का उतरतात, या प्रश्नाचे उत्तर तीत क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पाणथळीची घडण

नांदूरमध्यमेश्वर हे नैसर्गिक सरोवर नाही. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी, विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश अमदानीत एक दगडी बंधारा बांधण्यात आला. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवावे आणि डाव्या व उजव्या कालव्यांतून खालच्या अवर्षणप्रवण मुलखाला द्यावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९१६ साली दारणा धरण पूर्ण झाले आणि या योजनेला भरवशाचा पाणीपुरवठा लाभला. नदीपात्रातील मध्यमेश्वराचे महादेव मंदिर आणि नांदूर हे गाव यांवरून या स्थळाला आजचे जोडनाव मिळाले.

बंधाऱ्याने पाण्याचा वेग मोडला. वेग मोडला की नदी आपल्यासोबत आणलेली माती खाली टाकते, हा भूगोलाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेला नियम आहे. दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी आणलेली काळी माती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला साचत गेली. पात्र उथळ झाले, पाणी पसरले, मध्ये बेटे वर आली, काठावर पाणकणीस आणि लव्हाळी माजली. पाणी साठविण्याची क्षमता घटली, म्हणून अभियंत्याच्या नोंदवहीत ही सारी तूट ठरते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तीच जमा आहे.

‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे या स्थळाचे बिरुद ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावे सांगितले जाते. ही तुलना सहसा पक्ष्यांच्या संख्येपुरती घेतली जाते. वस्तुतः ती अधिक खोल आहे. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव उद्यानही मानवनिर्मित बांधामुळे घडलेली पाणथळ होय आणि तेथेही पाणी किती व केव्हा मिळणार, हा कायमचा वादाचा विषय आहे.

१९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे २०१९ साली यांपैकी १,४३७ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळविषयक आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदले गेलेले हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ. त्यानंतर २०२० मध्ये लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यांचा त्या यादीत समावेश झाला. लोणार अवकाशातून आलेल्या आघाताने घडले, ठाण्याची खाडी समुद्राने घडविली. नांदूरमध्यमेश्वर मात्र पाटबंधारे खात्याची, तीही अनपेक्षित, निर्मिती आहे!

खोलीचे गणित

मनोऱ्यावरून पाहताना सर्व पक्षी एकाच पाण्यावर सरमिसळ बसल्यासारखे भासतात. थोडा वेळ दुर्बीण स्थिर ठेवली की निराळी व्यवस्था दिसू लागते. काठच्या ओल्या चिखलात तुतवार चोचीने कीटक आणि अळ्या टिपत असतो. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालतो. त्याच्या पुढे, गुडघाभर पाण्यात, चमचा पक्षी आपली चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवीत जातो. थापट्या बदक पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव चोचीच्या कडेवरील दात्यांतून गाळून घेते, तर तलवार बदक शेपूट आकाशाकडे करून मान पाण्यात खुपसते. त्याची मान जितकी लांब, तितक्याच खोलीपर्यंत त्याचे अन्न. हळदीकुंकू बदक काठच्या गवताला धरून असते, जांभळी पाणकोंबडी पाणकणसांत, कमळपक्षी तरंगत्या पानांवर. चित्रबलाक आणि पाणकावळे मासे जेथे गोळा होतील तेथे जमतात. बुडी मारून खाणाऱ्या बदकांना मात्र अधिक खोल पाणी लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पाण्याची पातळी हातभर चढली तर शेकाट्या, तुतवार आणि चमचा यांचे पंगतीचे पान उचलले जाते. हातभर उतरली तर नवा चिखल उघडा पडतो आणि त्यांची मेजवानी होते. ही पातळी ऋतूंवर जितकी अवलंबून आहे, तितकीच कालव्यांच्या आवर्तनांवर आणि वरच्या धरणांतील विसर्गावर अवलंबून आहे. समन्यायी पाणीवाटपानुसार जायकवाडीसाठी सोडले जाणारे पाणीही याच बंधाऱ्यावरून पुढे जाते. त्यामुळे एका आठवड्यात हजारोंनी दिसलेले पक्षी पुढच्या आठवड्यात तुरळक दिसले, तर त्याचे कारण सायबेरियात शोधण्यापूर्वी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकात शोधावे.

गाळाचा वाद

या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न गाळाचाच आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांत गोदावरीच्या पुराचे पाणी शिरते. २०१६ आणि २०१९ या वर्षांत त्याचा मोठा फटका बसला. साचलेल्या गाळामुळे पुराचा फुगवटा वाढतो, अशी परिसरातील शेतकऱ्यांची तक्रार असून गाळ काढावा ही त्यांची मागणी आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना पक्ष्यांचे कौतुक ऐकविणे शोभत नाही. उलट, सर्व गाळ उपसला तर उथळ पाणी संपेल आणि वर वर्णिलेली अन्नव्यवस्थाच मोडेल, हेही तितकेच खरे. कोणत्या भागातील गाळ काढला असता पुराला वाट मिळेल आणि कोणती उथळे व बेटे अबाधित राहतील, हे मोजमापाने ठरवावे लागेल. मागणी आणि विरोध या दोन टोकांवर थांबून ते ठरणार नाही. भूगोल, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन अभ्यास करावा असा विषय यापेक्षा जवळ कोणता मिळणार?

दुसरे संकट पानवेलींचे. वरच्या शहरी वस्तीतील सांडपाण्याबरोबर येणारी पोषकद्रव्ये जलपर्णीला खत ठरतात. तिच्या गालिच्यावर कमळपक्षी सुखाने हिंडतो. परंतु मोकळे पाणी हवे असणाऱ्या बदकांची जागा जाते आणि पाण्यात पोहोचणारा प्रकाश व प्राणवायू घटतो. छायाचित्रात मात्र हा हिरवा गालिचा आणि त्यावरील जांभळी फुले फार मोहक दिसतात.

भेटीचे नियोजन

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, म्हणजे पिसांचे रंग खरे दिसतात. दुर्बीण बाळगणारे स्थानिक मार्गदर्शक चापडगाव येथे असतात; त्यांची सोबत अवश्य घ्यावी. पाण्याची रोजची चढउतार त्यांना पुस्तकापेक्षा अधिक ठाऊक असते.

पक्ष्यांपासून अंतर राखण्याचा नियम विद्यार्थ्यांना शिष्टाचार म्हणून सांगितला जातो, त्यामुळे तो पाळला जात नाही. त्याचे कारण सांगावे. स्थलांतर करणाऱ्या बदकाला परतीच्या प्रवासासाठी शरीरात चरबी साठवावी लागते. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून कोणी थवा उठविला, तर त्या उड्डाणात पक्ष्याची ऊर्जा खर्च होते आणि चरण्याचा वेळ बुडतो. दिवसातून दहा गटांनी तसे केले तर तो दिवस उपवासाचा ठरतो. फेब्रुवारीअखेरीस, प्रस्थानाच्या तोंडावर, हे नुकसान विशेष जाचक असते. संपूर्ण बसचे विद्यार्थी एकदम मनोऱ्यावर नेण्याऐवजी पंधरा-पंधरांचे गट करावेत. उरलेल्यांना बंधाऱ्याकडे, कालव्याच्या मुखाशी आणि शक्य असल्यास सायखेड्यास न्यावे. छायाचित्रण वा संशोधन करावयाचे असल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वनविभागाची परवानगी लागते, तेव्हा पत्रव्यवहार आधीच करावा. त्याच सुमारास पाटबंधारे कार्यालयाकडे आवर्तनाच्या तारखांचीही चौकशी करून ठेवावी, आणि अहवालाच्या नमुन्यात पक्ष्याच्या नावापुढे ‘पाण्याची अंदाजे खोली’ असा एक रकाना वाढवावा.