रोगनामांतील विसंवाद
फोंडाघाटच्या एखाद्या रुग्णास कणकवलीत एक रोगनाम मिळावे आणि घाट चढून कोल्हापुरास गेल्यावर दुसरे. मग कुटुंबीयांनी खरे कोणते मानावे? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क-लंडन तुलनेत असे आढळले की, न्यूयॉर्कचे तज्ज्ञ ज्यांस छिन्नमनस्कता म्हणत, त्यांतील अनेकांस लंडनचे तज्ज्ञ भावविकार म्हणत. समान मुलाखतपद्धती व समान निकष योजताच हा भेद बव्हंशी मावळला. म्हणजे भेद मुख्यतः रुग्णांत नसून संज्ञेच्या व्याप्तीत होता. काळानेही नाव पालटते : आज नैराश्य दिसते, पुढे उन्माद प्रकटला की तोच द्विध्रुवीय विकार ठरतो. हा केवळ शब्दवाद नव्हे; अशा रुग्णास नैराश्याचे औषध एकटेच दिल्यास उन्माद उद्भवू शकतो. म्हणून जुनी कागदपत्रे नव्या तज्ज्ञापुढे ठेवून, नाव कोणत्या व किती काळच्या लक्षणांवरून दिले, हे विचारावे.