मोबाइलवर आलेले चलान

पोलिसाने गाडी अडवली नाही, हातात पावती दिली नाही, म्हणजे चलान खोटे, ही समजूत चुकीची आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 136 अ आले. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167 अ जोडला गेला. स्पीड गन, सीसीटीव्ही, नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा यांची नोंद त्यामुळे पुरावा ठरते.

यंत्र सांगेल तेच अंतिम, हेही खरे नाही. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. पुढे कॅमेरा आहे, अशी पाटी लावणे आवश्यक आहे. नोटिशीत नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम हवे. ते तपासून पाहणे हा वाहनधारकाचा हक्कच आहे. चलान मान्य नसेल तर तक्रार करता येते, न्यायालयात दादही मागता येते. पोलिसाने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला फोटो चालतो, असेही अनेकांना वाटते. महाराष्ट्रात जुलै 2025 मध्ये त्याला मनाई करण्यात आली.

गाडी विकली, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर चलान जुन्या मालकाच्याच नावावर येते.

कॅमेऱ्यापुरता वेग कमी केला की झाले, हा समज सर्वांत घातक. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ऊसतोडीच्या हंगामात धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याजवळ रात्री उसाची ट्रॉली पुढे असावी, तिला मागे लाल दिवा नसावा, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असावा. ती दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर 22 मीटर रस्ता संपलेला असतो. गाडी थांबायला लागणारे अंतर त्यापुढचे, आणि वेग दुप्पट असेल तर ते चौपट होते. तिथे कॅमेरा असो वा नसो, हा हिशेब बदलत नाही.

सीटबेल्ट पुढच्यांनीच लावायचा, हा गैरसमज बीडने फार जवळून पाहिला आहे. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजाने मित्र गमावला, अशी खंत तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी व्यक्त केली होती. मागच्या प्रवाशालाही पट्टा बंधनकारक आहे. पुढच्या काचेतून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र तो क्वचितच दिसतो.