मोतीबागेची तहान

मे महिन्यात लेकी माहेरी आल्या, की जालन्यातल्या घराघरांत संध्याकाळी एकच धोशा सुरू व्हायचा, ‘मोतीबागेत चला!’ शेजारी मोती तलाव, त्यावरून येणारा वारा, पोरांना झोपाळे, आजीला बाक आणि सगळ्यांना मिळून भेळ. स्वस्तातली सहल! आता त्याच बागेचा विषय निघाला, की वाळलेली हिरवळ, मोडकी खेळणी आणि कचरा यांचीच उजळणी होते. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बागेच्या तक्रारी मात्र जुन्याच राहिल्या.

हे जालन्याला अधिक लागते, कारण हे मुळात बागांचे गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सर्वांना ठाऊक. पण इथल्या बागांतली फळे एकेकाळी दूरच्या शहरांपर्यंत जात, हे किती जणांना माहीत असते? या गावाने पाण्याचा विचारही फार आधी केला होता. जमशेदखानाने मशीद आणि सराई बांधली, तसाच गावाच्या पश्चिमेला मोती तलावही. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पोचवले होते. सर्वांत मोठा हौद सराईत होता. वीज नाही, पंप नाही, तरी पाणी चालत यायचे! पुढे देखभाल सुटली आणि ही सारी व्यवस्था मोडकळीला आली.

बागेचेही तेच होते. फीत कापायला गर्दी जमते. पुढची दहा वर्षे पाणी घालणारा माळी कोणाच्या लक्षात नसतो. शिवाय बाग म्हटली की आपल्याला विलायती हिरवळ हवी. तिची मुळे उथळ. मे महिन्यात आठवडाभर पाणी चुकले की ती पिवळी पडते. २०१२-१३ च्या दुष्काळात माणसे टँकरची वाट पाहत होती, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या. तेव्हा हिरवळीला पाणी घाला म्हणायला तोंड कोणाला? कडुनिंब, करंज, चिंच यांची गोष्ट वेगळी. दोन-तीन उन्हाळे जगवले, की ती आपले पाणी आपण शोधतात. पण आपल्याला त्यांच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवायची हौस दांडगी. (तापलेल्या फरशीवर एकदा अनवाणी उभे राहून पाहावे!)

ज्यांच्या दारात गाडी आहे, ते सुट्टीला वेरूळ गाठतील. पोलाद कारखान्यातल्या कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरात मात्र दिवसभर पत्रा तापतो. त्याच्या म्हाताऱ्या आईने संध्याकाळी बसायचे कुठे?

हे शहर हातपाय गाळणारे नाही. त्याच टंचाईच्या काळात जालनेकरांनी पुढाकार घेऊन निजामकालीन घाणेवाडी तलावातला गाळ काढला. शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन पसरला. मोतीबागेला तर एवढेही नको. एक कायमचा माळी हवा, आणि मृगाच्या आधी तलावाच्या बाजूने खणलेले शंभर खड्डे, कडुनिंबांसाठी.