सहाव्या वर्षीची दाढ

दुधाचे दात पडणारच, मग त्यांची एवढी बडदास्त कशाला, असा सवाल सुज्ञ आईबापही करतात; परंतु हे वीस दात पुढच्यांची जागा राखून असतात, आणि एखादी दुधाची दाढ किडून मुदतीपूर्वी काढावी लागली, की शेजारचे दात त्या जागेवर अतिक्रमण करून खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडवितात.

त्याहून मोठी गफलत सहाव्या वर्षाच्या सुमारास होते. त्या वेळी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ बिनबोभाट दाखल होते. तिला दुधाची समजून घरात कोणी तिची दखल घेत नाही, आणि जन्मभर चर्वणाचा मुख्य भार वाहावयाची ती दाढ, माथ्यावरील खोल चिरांत अन्नकण साचून, कित्येकदा अल्पकाळातच पोखरली जाते. वास्तविक या चिरा दंतवैद्य एका पातळ लेपाने बुजवू शकतो, आणि त्यासाठी सुईही टोचावी लागत नाही.

किडीची आद्य खूण भोक नसून हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ असते. तोंडात दुधाची बाटली धरून झोपणाऱ्या बालकांत ती बहुधा वरच्या पुढच्या दातांवर उमटते, कारण निद्रेत लाळेचा स्राव मंदावतो. मात्र या अवस्थेत फ्लोराइडच्या साहाय्याने दंतवल्क गमावलेली खनिजे पुनश्च ग्रहण करू शकते, आणि म्हणूनच पहिल्या वाढदिवसाच्या आत दंतवैद्याची पहिली भेट व्हावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.