परवाना, पट्टा आणि मालकी : टेक्सासमधील तेल-वायू हक्कांविषयीचे गैरसमज

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात जमिनीचा पृष्ठभाग आणि तिच्या पोटातील तेल, वायू व इतर खनिजे या दोन स्वतंत्र मालमत्ता होऊ शकतात, आणि यांपैकी दुसरी मालमत्ता ज्याच्याकडे असते त्याला खनिजधारक म्हणतात. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटते, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार भूगर्भातील खनिजांवरील हक्क सर्वसाधारणपणे राज्य शासनाकडे असतो. टेक्सासमध्येही स्पॅनिश व मेक्सिकन अमलात ही संपत्ती राजसत्तेचीच मानली जात असे. १८६६ च्या राज्यघटनेने मात्र तोवर खासगी मालकीत गेलेल्या जमिनींतील खनिजे जमीनमालकांना सोडून दिली, आणि १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँट शहराजवळच्या स्पिंडलटॉप टेकडीवर तेलाचा फवारा उसळला तेव्हा या हक्काचे मोल किती मोठे आहे हे साऱ्यांच्या लक्षात आले.

खनिजधारक स्वतः क्वचितच विहीर खोदतो. तो एखाद्या कंपनीला तेल-वायूचा भाडेपट्टा देतो, त्याबद्दल सुरुवातीला बोनस म्हणून एकरकमी रक्कम घेतो आणि उत्पादन सुरू झाल्यावर त्यातील ठरलेला हिस्सा, म्हणजे स्वामित्वधन किंवा रॉयल्टी, घेत राहतो. या व्यवहाराच्या नोंदी एका ठिकाणी नसतात : मालकीची खते आणि पट्टे काउंटी क्लर्कच्या, म्हणजे जिल्हा पातळीवरील दस्तनोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात असतात, तर विहिरींचे परवाने आणि उत्पादनाची आकडेवारी टेक्सास रेलरोड कमिशन या राज्यस्तरीय आयोगाकडे असते. एका दप्तराला दुसऱ्या दप्तराचा प्रश्न विचारला जातो, आणि पुढील बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच सापडते.

गैरसमज १ : जमीन ज्याची, तेलही त्याचेच.

वस्तुस्थिती : पूर्वीच्या एखाद्या मालकाने जमीन विकताना खनिजे स्वतःकडे राखून ठेवली असतील, तर नंतरच्या कितीही खरेदीखतांनी ती नव्या मालकाकडे जात नाहीत. फोर्ट वर्थच्या परिसरात, जेथील वस्त्यांखाली बार्नेट शेल हा वायुधारक खडक पसरलेला आहे, अनेक विकासकांनी घरे विकताना खनिज हक्क राखून ठेवले. त्यामुळे तेथे घर घेणाऱ्या कुटुंबाने, ते मराठी असो वा अन्य कोणतेही, आपल्या अंगणाखालचा वायू आपलाच असे गृहीत धरता येत नाही. शिवाय दोन्ही मालमत्ता वेगळ्या झाल्यावर खनिजांची बाजू कायद्याने वरचढ ठरते, कारण खनिज काढण्यासाठी वाजवी प्रमाणात पृष्ठभाग वापरण्याचा अधिकार तिच्यासोबत येतो. पृष्ठभागाच्या मालकाच्या आधीपासून चालत आलेल्या वापराचा मान राखावा, ही मर्यादा टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गेटी ऑइल विरुद्ध जोन्स या खटल्यात त्या अधिकाराला घातली.

गैरसमज २ : अनेक वर्षे वापर नसला की हक्क बुडतो.

वस्तुस्थिती : हे उत्तर राज्यागणिक बदलते. लुइझियानात जमिनीपासून वेगळा काढलेला खनिज हक्क १० वर्षे वापरला गेला नाही तर सामान्यतः संपुष्टात येतो, आणि ओहायो व नॉर्थ डकोटा या राज्यांत २० वर्षे निष्क्रिय राहिलेला हक्क ठरावीक कार्यपद्धतीनंतर पृष्ठभागाच्या मालकाकडे जाऊ शकतो. टेक्सासमध्ये असा कायदा नाही. पणजोबांनी राखून ठेवलेला हक्क तेथे पणतवंडांपर्यंत, वारसांगणिक लहान होत होत का होईना, टिकून राहतो. काउंटीच्या मालमत्ताकराच्या यादीत नाव नसणे हाही हक्क नसल्याचा पुरावा नव्हे, कारण त्या यादीत सहसा उत्पादन सुरू असलेल्याच खनिज हक्कांचे मूल्यांकन होते.

गैरसमज ३ : सातबाऱ्यासारखा एखादा उतारा काढला की मालकी कळते.

वस्तुस्थिती : टेक्सासच्या २५४ काउंटींपैकी कोठेही असा उतारा मिळत नाही. काउंटी क्लर्क आपल्याकडे आलेला दस्त नोंदवून घेतो आणि देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या नावाने त्याची सूची ठेवतो. दस्त खरा की खोटा, देणाऱ्याकडे तेवढा हिस्सा होता की नव्हता, याचा निवाडा तो करत नाही. त्यामुळे मूळ जमीनदानापासून आजपर्यंतची खते, मृत्युपत्रे आणि वारसनोंदी एकामागून एक जोडून मालकीची साखळी सिद्ध करावी लागते, आणि हे काम करणाऱ्या व्यावसायिकाला तेथे लँडमन म्हणतात. पट्ट्याच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की अनेकदा संपूर्ण पट्ट्याऐवजी त्याचे संक्षिप्त ज्ञापनच नोंदवले जाते, ज्यात पक्षकारांची नावे, जमिनीचे वर्णन आणि मुदत असते, पण रॉयल्टीचा दर बहुधा नसतो. म्हणूनच मूळ पट्ट्याची स्वाक्षरी केलेली प्रत जपून ठेवणे खनिजधारकाच्या हिताचे असते.

गैरसमज ४ : विंधन परवाना दिला, म्हणजे आयोगाने मालकी आणि पट्टा तपासला.

वस्तुस्थिती : रेलरोड कमिशन १८९१ मध्ये रेल्वेच्या नियंत्रणासाठी स्थापन झाले, १९१९ पासून तेल-वायू उत्पादनाचे नियमन त्याच्याकडे आले, आणि रेल्वेशी त्याचा संबंध २००५ मध्ये संपला तरी नाव तेच राहिले. विहिरींमधील अंतर, भूजलाचे संरक्षण आणि विहीर बुजवण्याची पद्धत हे त्याचे विषय आहेत. पट्टा वैध आहे का, रॉयल्टी कोणाची आणि किती, हे प्रश्न दिवाणी न्यायालयाचे आहेत. त्या जमिनीत खोदण्याच्या हक्कावर आपला सद्भावनेने केलेला दावा आहे एवढे अर्जदाराने दाखवले की आयोगाला पुरते. परवान्यामुळे मालकीचा निर्णय होत नाही, हे तत्त्व मॅग्नोलिया पेट्रोलियम खटल्यात १९४३ मध्येच स्पष्ट झाले. आयोगाच्या नोंदींतील ‘लीज’ हा शब्दही असाच फसवा आहे, कारण तो उत्पादन मोजण्यासाठी आखलेल्या प्रशासकीय घटकाचे नाव असतो, खनिजधारकाने स्वाक्षरी केलेल्या पट्ट्याचे नव्हे.

गैरसमज ५ : परवाना निघाला, म्हणजे विहीर आणि पैसा आलाच.

वस्तुस्थिती : ‘डब्ल्यू-१’ या अर्जावर मिळणारा परवाना दोन वर्षे वैध असतो, आणि त्या काळात खोदाई सुरू झालीच नाही तर तो निरुपयोगी होतो, तेलाचे भाव उतरले, कंपनीने आपला आराखडा बदलला किंवा शेजारच्या विहिरीने निराशा केली, की असे घडते. खोदाई खरोखर पूर्ण झाली की नाही हे परवान्यावरून कळत नाही. त्यासाठी पूर्णता अहवाल पाहावा लागतो, जो तेलविहिरीसाठी ‘डब्ल्यू-२’ आणि वायुविहिरीसाठी ‘जी-१’ या नमुन्यात दाखल होतो. त्यानंतरही पहिला धनादेश लगेच येत नाही : पट्ट्यात वेगळी तरतूद नसेल तर पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांच्या आत पहिले देयक चुकते करावे, असे टेक्सासचा कायदा सांगतो.

गैरसमज ६ : विहीर दुसऱ्याच्या जमिनीत आहे, म्हणून तिच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : आजच्या बहुसंख्य विहिरी आडव्या असतात, म्हणजे ज्या जागी यंत्र उभे राहते तेथून सरळ खाली जाऊन विहीर वळते आणि एक-दोन मैल, कधी त्याहूनही लांब, खडकाच्या थरातून आडवी जाते, त्यामुळे यंत्र एकाच्या जमिनीत आणि उत्पादन देणारा भाग दुसऱ्याच्या जमिनीखाली, ही नित्याची गोष्ट झाली आहे. केवळ यंत्राच्या जागेवरून परवाने शोधणाऱ्याच्या नजरेतून अशा विहिरी निसटतात, म्हणून परवान्यासोबतचा नकाशा आणि त्यावरील विहिरीचा अंतबिंदू पाहणे आवश्यक ठरते. याखेरीज ‘पूलिंग’ची पद्धत आहे, जिच्यात अनेक लहान भूखंड एकत्र करून एक उत्पादन घटक आखला जातो आणि त्यातील विहिरीचे उत्पन्न क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटले जाते. समजा, ६४० एकरांच्या घटकात एखाद्याची ४० एकरांतील संपूर्ण खनिजे आहेत आणि रॉयल्टी एक चतुर्थांश आहे, तर त्याचा वाटा एक षोडशांशाचा चतुर्थांश, म्हणजे चौसष्टावा भाग किंवा १.५६२५ टक्के येतो, मग विहीर त्याच्या जमिनीखाली असो वा नसो.

गैरसमज ७ : पट्ट्यावर तीन वर्षे लिहिली आहेत, म्हणून तीन वर्षांनी पट्टा संपतो.

वस्तुस्थिती : ती तीन वर्षे ही केवळ प्राथमिक मुदत असते, तिच्या अखेरीस फायदेशीर प्रमाणात उत्पादन सुरू असेल तर ते चालू असेपर्यंत पट्टा जिवंत राहतो, आणि अशा पट्ट्याला ‘उत्पादनाने धरून ठेवलेला’ म्हणतात. पूलिंगमुळे मोठ्या जमिनीचा लहानसा तुकडा घटकात गेला तरी साऱ्या जमिनीवरील पट्टा टिकून राहू शकतो. हे टाळण्यासाठी लुइझियानातील वकील लॉरेन्स प्यू यांच्या नावाने ओळखले जाणारे कलम पट्ट्यात घालून घेता येते, ज्यायोगे घटकाबाहेरचे क्षेत्र मुदतीनंतर मोकळे होते. वायूला बाजार नसल्याने बंद ठेवलेल्या विहिरीसाठी ठरावीक रक्कम देऊन पट्टा चालू ठेवण्याची तरतूदही अनेक पट्ट्यांत असते. म्हणून पट्टा संपला की नाही हे दिनदर्शिकेवरून ठरत नाही. त्यासाठी पट्ट्याची कलमे आणि आयोगाकडील मासिक उत्पादनाचे आकडे एकत्र वाचावे लागतात. त्यातही तेलाचे आकडे विहिरीगणिक नव्हे तर प्रशासकीय ‘लीज’गणिक नोंदले जातात, हे ध्यानात ठेवावे लागते.

गैरसमज ८ : काही घडले तर कंपनी किंवा सरकार कळवीलच.

वस्तुस्थिती : सर्वसामान्य परवान्याची सूचना खनिजधारकाला टपालाने पाठवण्याचे बंधन आयोगावर नाही. आयोगाच्या सर्वसाधारण नियमानुसार विहीर पट्ट्याच्या सीमेपासून निदान ४६७ फूट दूर असावी लागते. या अंतरात सवलत मागितली गेली तरच ज्यांच्यावर परिणाम होण्याचा संभव आहे अशा शेजाऱ्यांना नोटीस जाते. पत्ता बदललेल्या किंवा वारसनोंद न केलेल्या मालकाची रॉयल्टी कंपनीकडे साचत राहते आणि तीन वर्षे तिच्यावर कोणी हक्क सांगितला नाही तर बेवारस मालमत्ता म्हणून ती राज्याच्या लेखानियंत्रकाकडे जमा होते. तेथून ती परत मिळवता येते, परंतु त्यासाठी मालकीची तीच साखळी पुन्हा सिद्ध करावी लागते.

या सर्वांवरून पाठपुराव्याचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम काउंटीच्या दप्तरातून स्वतःचा हिस्सा आणि जमिनीचे सर्वेक्षण-नाव व क्रमांक निश्चित करावेत, नंतर पट्ट्याच्या कलमांवरून मुदत आणि पूलिंगचे अधिकार समजून घ्यावेत, आणि त्यानंतरच आयोगाच्या संकेतस्थळावर, जेथे परवाने, नकाशे व उत्पादनाचे आकडे विनामूल्य पाहता येतात, त्या परिसरातील हालचालीवर नियमितपणे लक्ष ठेवावे. परवाना कंपनीचा इरादा सांगतो, पट्टा तिचा अधिकार सांगतो आणि खत मालकाचा हिस्सा सांगते. ही तिन्ही शेजारी ठेवून वाचण्याचे काम टेक्सासमधील कोणतेही कार्यालय मालकाच्या वतीने करत नाही.